उष्टावणाची वाटी

ताई, त्या बुधवारी सकाळी मोशीहून चाकणकडे जाताना कंटेनरने तुझ्या स्कूटरला धडक दिली. दवाखान्यात पोचण्याआधी तू गेलीस. दुपारी पोलिसांनी तुझी पर्स दाजींच्या हातात दिली. दाजींनी ती न उघडता माझ्याकडे दिली.

पर्समध्ये चष्म्याचं घर होतं, कुपोषण मोजायला बाळांच्या दंडाला गुंडाळायची ती लाल-पिवळी-हिरवी पट्टी होती, मोड आणून दळलेल्या नाचणीच्या पिठाची पुडी होती आणि रुमालात बांधलेली चांदीची वाटी होती. वाटीला एका बाजूने पोचा आला होता. बाकी कशाला काही झालं नव्हतं. चष्म्याची काचसुद्धा शाबूत होती.

दाजींकडे लोक अजून येतात, बसतात, तुझ्याबद्दल बोलतात. तुझ्या हाताखालच्या अंगणवाडी सेविका आल्या होत्या. त्या तुला अजून मॅडमच म्हणतात, आणि म्हणताना दाराकडे बघतात, तू तपासणीला आत येशील तशा. मी भिंतीला टेकून ऐकत असतो. मला चारचौघांत बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. ग्रंथपालाचा जन्म दुसऱ्यांना गप्प करण्यात जातो, शेवटी तो स्वतःच गप्प होतो, असं तूच म्हणायचीस. म्हणून लिहितो आहे. शिवाय आपलं भांडण अर्धं राहिलेलं आहे, आणि ते तिथे बसलेल्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

वाटीपासून सुरुवात करतो. ती आईने तुझ्या रुखवतात ठेवली होती. तुझं बाळ सहा महिन्यांचं झालं की मामाने, म्हणजे मी, त्या वाटीतून त्याला पहिली खीर भरवायची, असं आईच्या मनात होतं. बाळ झालं नाही. वाटी कपाटात राहिली. आई जाईपर्यंत त्या वाटीबद्दल आपण तिघांपैकी कुणी कधी बोललं नाही. आपल्या घरात जे दुखतं ते कपाटात ठेवायची पद्धत होती.

मग एका संध्याकाळी तू माझ्या पिंपळे गुरवच्या घरी आलीस आणि चप्पल न काढता खुर्चीत बसलीस. तुझ्या भागातलं एक मूल जुलाबांनी गेलं होतं. आई-बाप दोघंही कंपनीत, वेगवेगळ्या शिफ्टला. मूल वर्षाचं होत आलं होतं आणि त्याच्या पोटात दुधाशिवाय काही गेलं नव्हतं. कारण उष्टावण व्हायचं होतं. उष्टावण मामाने करायचं असतं, मामा यवतमाळकडे गावी होता आणि दिवाळीला येणार होता. तोवर दुधात पाणी घालून ते पुरवलं जात होतं. हे सगळं तू एका सुरात सांगितलंस, वरच्या ऑफिसात अहवाल वाचून दाखवावा तसं. मग थांबून म्हणालीस, "घरात तांदूळ होता रे सुध्या. डाळ होती. मूल मामाची वाट बघत गेलं."

मी म्हणालो की ही शुद्ध अंधश्रद्धा आहे आणि तुम्ही लोकांनी ती मोडून काढली पाहिजे.

"अंधश्रद्धा म्हणू नकोस," तू म्हणालीस. "पत्र्याची खोली भाड्याची, भाषा हिंदी व्हायला लागलेली, सण कंपनी सुट्टी देईल त्या दिवशी. गावचं म्हणून त्यांच्याजवळ उरलंय काय? एक मामा उरलाय. तो तू काढून घेतोस?"

मी पाणी आणून दिलं. तू पाणी प्यायलीस, आणि पाण्याचा पेला खाली ठेवता ठेवता विचारलंस, "तू मामा होशील का?"

मी हसलो होतो. तू हसली नव्हतीस.

त्या रविवारी तू कपाटातून वाटी काढलीस. तिच्यावर काळपट थर आला होता. तू ती राखेने घासलीस आणि मी शेजारी उभा राहून बघत होतो. तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं, असं आज वाटतं. पण काय, ते आजही कळत नाही. तू वाटी पुसून माझ्यासमोर धरलीस आणि म्हणालीस, "बघ, तोंड दिसतंय."

असा मी मामा झालो. लग्न नाही, मूल नाही, आणि चाकणभर भाचरं. ज्यांचा मामा येऊ शकत नव्हता त्या बाळांसाठी तू मला रविवारी नाहीतर गुरुवारच्या कंपनीच्या सुट्टीला घेऊन जायचीस. मी धुतलेला शर्ट घालायचो, बाळाची आई मला ओवाळायची, शेजारणी "मामा आलं, मामा आलं" म्हणायच्या आणि मी पाटावर बसून कुणाचं तरी अनोळखी मूल मांडीवर घ्यायचो. पहिल्याच मुलाने सगळी खीर माझ्या शर्टावर उडवली. तू गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "पुस्तकावर नाही ना उडवली? मग ठीक आहे." त्या खोलीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि त्या हसण्यात मला पहिल्यांदा भीती वाटेनाशी झाली. त्यासाठी मी तुझे आभार मानले नाहीत. आता मानतो.

खीर कशी करायची तेही तूच शिकवलंस. नाचणीची खीर घट्ट शिजवायची, तूप घालायचं, आणि कोमट झाल्यावर मोडाच्या पिठाचा चमचा घालून पुन्हा जरा गरम करायची. थोड्या वेळात ती आपोआप सैल होते. पाणी न घालता पातळ झालेली खीर बाळाला गिळता येते आणि इवल्या पोटात जास्त अन्न मावतं. तू दर वेळी हे आयांना करून दाखवायचीस. "मामा एकदाच येणारे," म्हणायचीस, "उद्यापासून वाटी तुमची. अर्धी वाटी, पुन्हा भूक लागली की पुन्हा."

आणि इथेच आपलं भांडण होतं.

मी म्हणायचो, ताई, तू मामाची अट मोडत नाहीस, फक्त मामा बदलून देतेस. पुढच्या बाळाच्या वेळी ते पुन्हा थांबतील. तू म्हणायचीस, "पुढच्या बाळाचं तू पुस्तकात लिही. मला या महिन्याचं बाळ आहे." यावर आपण कितीदा भांडलो याची गणती नाही. तुला राग मात्र त्याचा यायचा नाही. राग आला तो त्या पावसाळ्यात, जेव्हा मीच भरवलेली एक मुलगी पुन्हा लालमध्ये, पट्टीच्या सगळ्यात वाईट रंगात, गेलेली आपल्याला दिसली. चमचाभर खिरीला तिने तेव्हा आ केला होता. आता ती दारात मोठ्या बहिणीच्या कडेवर होती आणि तिच्या हातात वेफर्सचं पाकीट होतं. बहीणच सात-आठ वर्षांची असेल. आई पहिल्या शिफ्टला, बाप तिसऱ्या शिफ्टहून येऊन झोपलेला. तू पट्टी गुंडाळलीस, पट्टीवरच्या छोट्या खिडकीत आलेला लाल रंग बघितलास आणि पट्टी सोडलीस.

परतीच्या रस्त्यावर मी विचारलं, "उष्टावणानंतर काय?"

तू स्कूटर बाजूला घेतलीस. समोरून गाड्या लादलेले ट्रेलर जात होते, एकामागे एक, सगळ्या गाड्या नव्या, पांढऱ्या. तू म्हणालीस, "मग काय करू? कंपनीचं गेट बंद करू? की घरोघरी जाऊन भरवत बसू?"  तू स्कूटर पुन्हा रस्त्यावर घेतलीस.  तो प्रश्न तसाच राहिला, ताई. मी तो तुला हरवायला विचारला नव्हता. मला खरंच माहीत नव्हतं आणि तुला माहीत असेल असं मी धरून चाललो होतो.

सरकारी आहाराच्या पाकिटांबद्दल आपलं एकमत होतं. ती खोल्यांपर्यंत पोचायची, पण पोटात जायची नाहीत. कांद्याच्या वावरात खोल्या बांधून भाड्याने देणाऱ्या शेवंताकाकूंनी तुला तोंडावर सांगितलं होतं, "मॅडम, भाडेकरी मला ती पाकिटं आणून देत्यात. मी म्हशीपुढं वतते. आमची म्हस बी आधी हुंगती, मंग इचार करती." तू हसलीस, आणि गाडीवर बसल्यावर डोळे पुसलेस. मी मागे होतो. मला वाटलं, धूळ गेली असेल. मी तसंच मानून घेतलं.

त्या शेवंताकाकूंच्याच खोल्यांत आरोही राहते. तुझी शेवटची.

तिची आई रेखा परभणीकडची, वायरिंगच्या कंपनीत कंत्राटी कामाला. नवरा ट्रकवर, महिन्याचे बरेच दिवस बाहेर. घरात सासू. रेखाचा भाऊ गुजरातेत कामाला, त्याला सुट्टी मिळत नव्हती. आरोही नऊ महिन्यांची झाली तरी दुधावर होती आणि तिचा दंड पट्टीच्या लालमध्ये होता. तू डॉक्टरांना दाखवायला सांगितलंस, तर रेखा म्हणाली की खाडा झाला तर कंत्राटदार दुसरी बाई घेतो. तू सासूकडे वळलीस. सासू म्हणाली, मामाच्या हातचं पहिलं, त्याआधी काही नाही. तू किती खेपा घातल्यास ते मला माहीत आहे, कारण प्रत्येक खेपेनंतर तू मला फोन करायचीस आणि सासूचा आवाज काढून दाखवायचीस. शेवटी म्हातारी कबूल झाली. दुसरा कुठलाही परका माणूस तिला चालणार नव्हता, पण मॅडमचा भाऊ चालणार होता. "मॅडमचा भाऊ म्हंजे आपलाच मानूस," असं ती म्हणाल्याचं तू मला मंगळवारी फोनवर सांगितलंस. शुक्रवार ठरला. "शर्ट धुवून ठेव, मामा," हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं.

शुक्रवारी आम्ही तुझ्या अस्थी घेऊन इंद्रायणीवर होतो.

काही दिवसांनी रेखा दाजींकडे आली. कामावरून थेट, कंपनीचा निळा कोट अंगावर. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली, पाणीही घेतलं नाही. सुतकाच्या घरचं चालत नाही, हे तिने सांगितलं नाही, पण ते आम्हाला समजलं. ती रडली. मी तिला आरोहीबद्दल विचारलं. तिने मान खाली घातली. म्हणाली, आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणतात आता ते नको, मॅडमच्या भावाला सुतक आहे, दिवाळीला मामा येईलच. मग हळूच म्हणाली, "दूध बी नीट ओढंना झालीय, सर."

ती गेल्यावर मी बराच वेळ तिथेच उभा होतो. तुझ्यामुळे मी त्या मुलीचा मामा होऊ शकत होतो, आणि आता तुझ्यामुळेच होऊ शकत नव्हतो. तू आयुष्यभर ज्या कारणांशी भांडलीस, त्यांत तुझं जाणं हे आणखी एक कारण होऊन बसलं होतं.

दाजींच्या टीव्हीवरच्या फळीवर पंचांग असतं. मी ते काढलं. मला जे येतं तेच मी केलं, ताई. छापलेलं उघडलं. शेवटच्या पानांवर सुतकाचे नियम बारीक अक्षरांत असतात. लग्न झालेली बहीण सासरी वारली तर भावाला सुतक फार तर तीन दिवसांचं. मुलगी दिली की तिचं गोत्र बदलतं, म्हणून. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. तू मला कडेवर घेऊन फिरलीस, माझी फी भरलीस, माझ्या शर्टाची बटणं लावून दिलीस, आणि त्या ओळीप्रमाणे तुझं माझं नातं केव्हाच संपलं होतं. मला सुतक नव्हतं. माझा हात स्वच्छ होता. इतकं वाईट मला स्मशानातही वाटलं नव्हतं.

दाजी तिथेच बसले होते. मी काय वाचतो आहे ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं.  ते म्हणाले, "पिठाची पुडी तिच्या पर्समध्येच आहे बघ."

खीर मी माझ्या घरी केली. गुठळ्या झाल्या, चाळणीतून गाळली. धुतलेला शर्ट घातला. बसने मोशी, पुढे रिक्षाने चाकण. तुझ्या मागे बसून ज्या रस्त्याने जायचो त्या रस्त्याकडे मी बघितलं नाही.

सासूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मला बघून उठल्या, पदर सावरला, पण आत या म्हणाल्या नाहीत. "सर, तुमच्यावर दुःख पडलंय. आता लेकराच्या तोंडात गोड घालावं, हे बरं दिसंना."

मी पंचांगातलं सांगितलं. माझा आवाज नेहमीसारखा बारीकच निघाला असणार, कारण शेवंताकाकू गोठ्यातून पुढे येऊन उभ्या राहिल्या. सगळं ऐकून त्या म्हातारीला म्हणाल्या, "म्हातारे, माझ्या म्हशीनं दोन येळंला तोंड लावलं न्हाई तर मी डाक्टर आनते. मी आदी पंचांग बघते का गं? आन् ह्यो मानूस पंचांग बी बघून आलाय."

सासूबाईंनी काकूंकडे लक्ष दिलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. "भावाला तीनच दिवस?" त्यांनी विचारलं. "तुम्ही सोता वाचलं?"

मी हो म्हणालो.

त्या पुन्हा खाली बसल्या. सुपातले तांदूळ बोटांनी इकडून तिकडे केले. मग म्हणाल्या, "माझा भाऊ वारला तवा मला बी तेवढेच सांगितले होते. चौथ्या दिवशी मी ऊस तोडाया गेले." थोड्या वेळाने म्हणाल्या, "बाईचं तसंच आस्तंय, सर. माहेरी तीन दिवस."

एवढं बोलून त्या उठल्या, आत गेल्या आणि पाट मांडला.

आरोही माझ्या मांडीवर ठेवली तेव्हा काही ठेवलं आहे असं वाटलंच नाही. तिचे डोळे मोठे होते आणि ती रडत नव्हती. तू सांगायचीस, रडणाऱ्या मुलाची काळजी करू नकोस, न रडणाऱ्याची कर. मी वाटीतून चमचा भरला. तिने तोंड उघडलं नाही. मी ओठांना खीर लावली. तिने जीभ फिरवली, तोंड वेडंवाकडं केलं आणि खीर बाहेर ढकलली. पुन्हा लावली. या वेळी थोडी आत गेली. सासूबाई म्हणाल्या, "गिळलं." खोलीत मामा आलं असं कुणी म्हणालं नाही, ओवाळलं नाही, कुणी हसलंही नाही. चार चमचे गेले असतील. मग ती दमली आणि तिथेच झोपली. खाऊन दमलेलं मूल मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला ताप होता. रेखाने या वेळी खाडा केला. सरकारी दवाखान्यात तिला ठेवून घेतलं, नळीने दूध दिलं, औषधं दिली. तिथल्या डॉक्टरीणबाई रेखावर ओरडल्या, एवढा उशीर का केला म्हणून. रेखाने मामाचं काही सांगितलं नाही. मीही नाही. काही दिवसांनी घरी पाठवलं, नियमाने खाऊ घाला असं सांगून. रेखाचं काम गेलं होतं. आता तिला दुसऱ्या कंपनीत दुपारची शिफ्ट मिळाली आहे. सासूबाईंना संध्याकाळनंतर नीट दिसत नाही.

तर, ताई, तू स्कूटर बाजूला घेऊन विचारलेल्या प्रश्नाचं मला उत्तर मिळालेलं नाही. की घरोघरी जाऊन भरवत बसू, असं तू म्हणाली होतीस. मी एका घरी जातो. वाचनालय बंद झालं की बस धरतो. एका माणसाने एका मुलीला भरवणं म्हणजे उपाय नव्हे, हे मलाही कळतं, आणि हेच तू माझ्या बाबतीत बोलली असतीस, माझाच मुद्दा माझ्यावर उलटवून. जाताना मी शेजारच्या खोल्यांची दारं बघतो. दारात मुलं असतात. त्यांतली कुठली लालमध्ये आहेत हे तुला नुसतं बघून कळायचं. मला कळत नाही. तुझ्या हाताखालच्या सेविका मोजतात, पण त्यांनी मोजलेलं घेऊन दारोदार भांडायला कुणी नाही.

सासूबाईंनी परवा मला बसायला पाट दिला आणि नंतर स्वतःहून विचारलं, गुजरातचा मामा दिवाळीला आला तर त्याला काय सांगायचं. मी म्हणालो, त्यालाही भरवू द्या. त्या म्हणाल्या, "दोन मामा चालतात व्हय?" पंचांगात तसं काही लिहिलेलं नाही, असं मी सांगितलं. हे तुला फोन करून सांगावं म्हणून मी खिशात हात घातला होता.

तुझ्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही. आरोही लालमध्येच आहे, पण तोंड उघडते. पोचा आल्यापासून वाटीत थोडं कमी मावतं, म्हणून मी शेवटी एक चमचा वरून देतो.